थोडे मटण, भरपूर भाजी : घरच्या कढईत परतण्याची रीत

खुलताबाद : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मांसाहाराचा विषय निघाला की पहिले नाव निघते ते नान-खलियाचे. मोठ्या देगीत तासन्‌तास शिजणारे तिखट खलिया, त्यावरचा तेलाचा लाल तवंग आणि सोबत तंदुरात भाजलेला जाड नान. या पदार्थाचे नाते लोकपरंपरा थेट मुहम्मद तुघलकाच्या फौजेशी जोडते. १३२७ मध्ये तुघलकाने देवगिरीला राजधानी हलवली आणि दिल्लीचे लोक, दिल्लीचे सुफी व दिल्लीच्या चवी दख्खनमध्ये आल्या, असे ती परंपरा सांगते. परंतु देग ही लग्नाची, उरुसाची, शंभर माणसांच्या पंगतीची वस्तू आहे. पाच-सहा माणसांच्या घरात, साध्या दिवशी, देगीऐवजी कढई चढते. त्या कढईत अर्धा किलो मटण किंवा खिमा असतो आणि त्याच्या जोडीला जुडी-दोन जुड्या भाजी.

मेथी-खिमा, पालक-गोश्त, अंबाडी-गोश्त, कांद्याची पात घातलेली कलेजी, शिमला मिरचीबरोबर परतलेले चिकन, अशी या पदार्थांची नावे अनेक आहेत. त्यांतील रश्शाचे प्रकार बाजूला ठेवले, तर कोरड्या प्रकारांमागची रीत एकच आहे. मांस बारीक करावे, आच मोठी ठेवावी, पाणी आटवावे आणि भाजी शेवटी घालावी. दख्खनी बोलीत याला ‘भूनना’ म्हणतात, मराठीत ‘परतणे’. हातगाडीवरच्या चायनीज पदार्थांमुळे हीच रीत अलीकडच्या पिढीला नव्याने माहीत झाली, एवढेच. ही रीत समजून घेतली तर थोड्या मांसात घरातील प्रत्येकाला समान वाटा देता येतो, आणि तोही अर्ध्या-पाऊण तासात. पाककृतीकडे वळण्यापूर्वी या वाट्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे.

वाट्याचा प्रश्न

मटणाच्या रश्शात फोडी मोजता येतात. पाहुण्यांना चार, घरातील कर्त्या पुरुषाला चार, मुलांना दोन-दोन, आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर जी स्त्री ताट वाढून घेते तिच्या वाट्याला बहुतेक वेळा रस्सा आणि एखादे हाड येते. हे चित्र कोणत्याही एका धर्माच्या वा जातीच्या घरापुरते नाही. बारीक केलेले मांस भाजीत एकजीव झाले की मात्र ही मोजदाद संपते. मेथी-खिम्याचा कोणताही चमचा उचलला तरी त्यात मेथी असते आणि खिमाही असतो. शेवटच्या ताटात वाढले जाणारे अन्न पहिल्या ताटातील अन्नापेक्षा वेगळे राहत नाही.

या गोष्टीला आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व आहे. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी होते. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांतील लोह मात्र एकट्याने खाल्ल्यास फार थोडे शोषले जाते. तीच भाजी थोड्या मांसाबरोबर खाल्ली तर भाजीतील लोहाचे शोषण वाढते. वरून लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्वाचीही मदत होते. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवताच घेतलेला चहा हे शोषण कमी करतो. म्हणून मेथी-खिम्यावर लिंबू पिळण्याची आणि चहा तासाभराने घेण्याची सवय लावून घेणे हिताचे.

खर्चाचाही भाग आहे. राज्यात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी लागू झाली. म्हशीवर्गीय जनावरे या बंदीत येत नाहीत. ज्या घरांत पूर्वी ‘बडे का’ गोश्त हे स्वस्त आणि नेहमीचे मांस होते, त्या घरांच्या खर्चाचे गणित त्यानंतर बदलले. बोकडाचे मटण त्याहून कितीतरी महाग पडते. अशा वेळी मांसाचे प्रमाण कमी करून भाजीचे वाढवणे हा मार्ग अनेक घरांना जवळचा वाटतो. मात्र ते करताना चव जाऊ द्यायची नसेल, तर परतण्याची रीत नीट जमली पाहिजे.

परतणे म्हणजे काय?

कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, तर पालेभाज्यांत ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. कढईत जोवर हे पाणी आहे, तोवर अन्नाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. हा बिंदू समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअस असतो. खुलताबाद हे दौलताबादच्या घाटावर, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले असल्याने येथे पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते. या तापमानाला मांस शिजते, परंतु त्याला खमंगपणा येत नाही. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. त्या तापमानाला मांसातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांची परस्परांवर क्रिया होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया प्रथम मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडील स्वयंपाकात यासाठी एक नेमकी खूण फार पूर्वीपासून आहे. ती म्हणजे ‘तेल सुटणे’. मसाल्यातील पाणी आटले की तेल कडेने वेगळे दिसू लागते. ते दिसले की कढईतील तापमान वाढू लागल्याचे समजावे. घरी परतलेले मांस फिके, चिवट आणि पाणचट होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कढईत एकाच वेळी फार माल घातला जाणे. थंड मांस एकदम पडल्याने कढई निवते, पाणी सुटते आणि परतण्याऐवजी उकडण्याची क्रिया सुरू होते. हातगाडीवरच्या शेगडीची आच घरच्या गॅसच्या कित्येक पट असते, त्यामुळे तेथे सुटलेले पाणी क्षणात उडून जाते. घरच्या बर्नरला ते शक्य नाही. त्यावर उपाय आपल्या गृहिणींना भजी तळताना माहीत असलेलाच आहे : घाणे करावेत. अर्धा किलो मांस दोन किंवा तीन घाण्यांत परतावे. वेळ पाच-सात मिनिटांनी वाढतो, परंतु चवीत मोठा फरक पडतो.

मांस कोणते घ्यावे?

परतण्यासाठी प्रत्येक मांस चालत नाही. बोकडाच्या सीन्याचे, मानेचे किंवा नळीचे मांस तंतुमय असते. त्यातील चिवट भाग मऊ होण्यासाठी मंद आचेवर बराच वेळ ओलसर शिजावा लागतो. असे मांस रश्शासाठी किंवा खलियासाठी उत्तम, परंतु थेट कढईत परतल्यास ते चामड्यासारखे होते. परतण्यासाठी पुढील चार पर्याय योग्य ठरतात.

खिमा : यंत्राने किंवा सुऱ्याने मांसाचे तंतू आधीच तोडलेले असल्याने तो लवकर मऊ होतो. तयार खिमा घेण्याऐवजी रानेचा किंवा खांद्याचा तुकडा निवडून तो आपल्यासमोर करून घ्यावा. चरबी अगदीच काढून टाकू नये. थोडी असल्यास खिमा कोरडा पडत नाही.

कलेजी : परतण्यासाठी सर्वांत सोपी. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीनंतर अनेक घरांत प्रथम कलेजीच का परतली जाते, याला व्यावहारिक कारण आहे. जनावर कापल्यानंतर काही तासांनी त्याचे स्नायू ताठरतात आणि ते सैल होण्यास वेळ लागतो. तोवर ते मांस चिवट लागते. कलेजीला ही अडचण नाही. ती पाच-सहा मिनिटांत होते आणि जास्त वेळ ठेवल्यास उलट कडक होते.

हाडविरहित चिकन : छातीच्या भागाचे पातळ काप किंवा मांडीच्या लहान फोडी. मांडीचा भाग अधिक रसाळ राहतो.

रानेचे पातळ काप : मांसातील धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहावे आणि धाग्यांना आडवे, बोटाच्या निम्म्या जाडीहून पातळ कापावे. तंतू आखूड झाल्याने घास चावण्यास सोपा होतो. मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास काप पातळ निघतात.

तालुक्याचे आले

रानेच्या कापांसाठी एक मदतनीस खुलताबाद तालुक्याच्या शेतातच पिकतो. तो म्हणजे आले. खुलताबाद, कन्नड, फुलंब्री हा पट्टा आल्याच्या लागवडीसाठी राज्यात ओळखला जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस बेणे लावले जाते आणि पीक हाती येण्यास आठ-नऊ महिने लागतात. ‘माहीम’ हे वाण महाराष्ट्रात जुने आणि परिचित आहे. भावाच्या चढउतारामुळे हे पीक शेतकऱ्याला कधी तारते, कधी बुडवते. २०२३ मध्ये आल्याचे दर देशभर कडाडले होते, आणि पुढे लागवड वाढून ते कोसळलेही.

ताज्या आल्याच्या रसात झिंजिबेन नावाचे पाचक द्रव्य असते. ते मांसातील प्रथिने, विशेषतः चिवट तंतू, तोडते. कच्च्या पपईतील पपेनचे कामही असेच असते. पाव किलो कापांना एक लहान चमचा आल्याचा ताजा रस, पाव चमचा मीठ आणि चिमूटभर हळद चोळून अर्धा तास ठेवावे. वेळ यापेक्षा फार वाढवू नये, कारण कापांचा वरचा थर पिठूळ होतो. बाटलीबंद आले-लसूण पेस्टमध्ये हा गुण राहिलेला असतोच असे नाही, आणि सुंठीकडून तर त्याची अपेक्षाच करू नये. कढईच्या उष्णतेत हे द्रव्य निष्क्रिय होते, त्यामुळे शिजलेल्या पदार्थात त्याचा परिणाम पुढे चालू राहत नाही.

मेथी-खिमा (सहा जणांसाठी)

साहित्य : मटणाचा खिमा ५०० ग्रॅम, मेथीच्या दोन मोठ्या जुड्या (निवडलेली पाने सुमारे २५० ग्रॅम), मध्यम कांदे ३, टोमॅटो २, आले दोन इंच, लसणाच्या १० ते १२ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३ किंवा ४, हळद अर्धा चमचा, लाल तिखट दीड चमचा, धणेपूड २ चमचे, गरम मसाला किंवा घरचा काळा मसाला १ चमचा, तेल ४ मोठे चमचे, मीठ, कोथिंबीर, एक लिंबू.

पूर्वतयारी : मेथी निवडून दोन-तीन पाण्यांतून धुवावी आणि चाळणीत किंवा कोरड्या फडक्यावर पसरून पूर्ण निथळू द्यावी. ओली मेथी कढईत घातली तर सारा खटाटोप वाया जातो. निथळल्यावर ती जाडसर चिरावी. मेथीला मीठ लावून पिळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याने कडवटपणा कमी होतो, परंतु पानांतील सत्त्वाचा काही भागही त्या पाण्याबरोबर जातो. कांदे बारीक चिरावेत. आले, लसूण आणि मिरच्या खलबत्त्यात ठेचून घ्याव्यात.

कृती : लोखंडी किंवा जाड बुडाची पसरट कढई मोठ्या आचेवर चांगली तापवावी. दोन चमचे तेल घालून ते तापल्यावर निम्मा खिमा कढईत पसरावा आणि दोन मिनिटे त्याला अजिबात हलवू नये. खालची बाजू तांबूस झाली की उलथन्याने गुठळ्या मोडून आणखी दोन-तीन मिनिटे परतावे. पाणी सुटलेच तर आच कमी न करता ते आटू द्यावे. हा घाणा ताटात काढून दुसरा तसाच करावा.

त्याच कढईत उरलेले तेल घालून कांदा मध्यम आचेवर तांबूस होईपर्यंत परतावा. यास आठ-दहा मिनिटे लागतात आणि येथे घाई करू नये. तळाशी चिकटलेला खिम्याचा खमंग थर कांद्याच्या ओलाव्याने सुटून येतो. तो खरवडून मिसळून घ्यावा, कारण चवीचा मोठा भाग त्यात असतो. नंतर आले-लसूण-मिरचीचा ठेचा घालून मिनिटभर परतावा. हळद, तिखट आणि धणेपूड घालून लगेच दोन चमचे पाणी शिंपडावे, म्हणजे मसाला करपत नाही. टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परतावे.

आता खिमा परत कढईत घालून अर्धी वाटी गरम पाणी व निम्मे मीठ घालावे. झाकण ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटे शिजवावे. खिमा मऊ झाला की झाकण काढावे, आच मोठी करावी आणि सारे पाणी आटवावे. तेल पुन्हा कडेने दिसू लागले की मेथी दोन वेळा विभागून घालावी. झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे भराभर परतावी. उरलेले मीठ मेथी मऊ झाल्यावरच चव पाहून घालावे. ते आधी घातले तर पानांतून पाणी सुटते, आणि कच्च्या पाल्याच्या ढिगाऱ्यावरून अंदाज घेतल्यास पदार्थ हमखास खारट होतो. गरम मसाला व कोथिंबीर भुरभुरून गॅस बंद करावा. लिंबू ताटात वाढल्यावर पिळावे. ज्वारीची गरम भाकरी याला सर्वांत चांगली सोबत करते, चपातीही चालते.

हाच मेथी-खिमा आणखी दोन माणसांना पुरवायचा असेल, तर पाणी वाढवू नये, भाजी वाढवावी. मेथीची आणखी एक जुडी, वाटीभर उकडलेले मटार किंवा बटाट्याच्या लहान, आधी उकडून परतलेल्या फोडी घालाव्यात.

चिकन आणि मिश्र भाज्या (चार जणांसाठी)

ज्यांना मसालेदार पदार्थ नको किंवा वेळ अगदी कमी आहे, त्यांच्यासाठी ही रीत. कापाकापी उरकली की चुलीवर केवळ १५ मिनिटे लागतात.

साहित्य : हाडविरहित चिकनचे पातळ काप ३०० ग्रॅम, गाजरे २, फरसबी १०० ग्रॅम, शिमला मिरची १, कोबी पाव गड्डा, कांद्याच्या पातीची एक लहान जुडी, आल्याचे काडीसारखे बारीक तुकडे दोन चमचे, लसणाच्या ८ पाकळ्या चिरून, हिरव्या मिरच्या २, मिरपूड अर्धा चमचा, मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) एक चमचा, तेल ३ मोठे चमचे, मीठ, लिंबू. आवडत असल्यास सोया सॉस एक चमचा. मात्र त्यात मीठ भरपूर असते, हे लक्षात घेऊन वरून घालायचे मीठ कमी करावे.

कृती : चिकनला मिरपूड, पाव चमचा मीठ, मक्याचे पीठ व एक चमचा तेल चोळून १५ मिनिटे ठेवावे. पिठाच्या पातळ थरामुळे रस आत राहतो. सर्व भाज्या एकसारख्या पातळ चिरून, चुलीजवळ वेगवेगळ्या ताटल्यांत मांडून ठेवाव्यात. एकदा परतणे सुरू झाले की चिरायला वेळ मिळत नाही. कढई तापवून चिकन दोन घाण्यांत, प्रत्येकी तीन-चार मिनिटे परतून काढावे. मग उरलेल्या तेलात आले, लसूण व मिरची अर्धा मिनिट परतून भाज्या त्यांच्या क्रमाने घालाव्यात. शेवटी चिकन परत घालून दोन मिनिटे मोठ्या आचेवर सारे एकत्र करावे, मीठ व लिंबू घालावे आणि लगेच वाढावे.

भाज्यांचा क्रम

सर्व भाज्या एकदम घातल्या तर कोबीचा लगदा होतो आणि गाजर कच्चे राहते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

आधी घालावयाच्या : गाजर, फरसबी, फ्लॉवरचे लहान तुरे. यांना चार-पाच मिनिटे लागतात.

मध्ये घालावयाच्या : शिमला मिरची, कोबी, कोवळे मटार. यांना दोन-तीन मिनिटे पुरतात.

शेवटी घालावयाच्या : पालक, कांद्याची पात, कोथिंबीर. मिनिट-दीड मिनिट पुष्कळ झाले. मेथी किंचित अधिक वेळ घेते.

वेगळ्या शिजवावयाच्या : गवार आणि बटाटा आधी उकडून घ्यावेत. दुधी, दोडका यांतून पाणी फार सुटते, म्हणून ते स्वतंत्र परतून, कोरडे करून मगच मांसात मिसळावेत.

अंबाडीचा पाला आंबट असल्याने तो कोरड्या परतण्यापेक्षा रश्शातच अधिक खुलतो.

स्वच्छता आणि साठवण

खिमा हे सर्वांत लवकर नासणारे मांस आहे. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, तर खिम्यात ते सर्वत्र मिसळलेले असतात. म्हणून खिमा आणला त्याच दिवशी शिजवावा. फ्रिजमध्ये ५ अंशांखाली ठेवला तरी दोन दिवसांपलीकडे थांबू नये. मांस धुवायचे असल्यास खिमा करण्यापूर्वी अखंड तुकडा धुवून घ्यावा. चिकन जोरदार नळाखाली धुतल्यास शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि आसपासच्या भांड्यांवर पसरतात. धुतलेच तर पातेल्यात सावकाश धुवावे आणि नंतर मोरी व ओटा साबणाने स्वच्छ करावा. कच्च्या मांसाची पाटी व सुरी, तसेच भाजीची विळी वेगळी असावी. ते शक्य नसेल तर आधी भाजी चिरून मग मांस कापावे.

आहारसुरक्षेच्या निकषांनुसार खिम्याच्या आतील तापमान ७१ अंश आणि चिकनच्या आतील ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे. घरी तापमापक नसेल तर सर्वांत जाड फोड मोडून पाहावी. आत गुलाबीपणा आणि लालसर रस राहता कामा नये. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, ही मुदत एका तासावर आणावी. उरलेले पुन्हा गरम करताना कढत, वाफ येईपर्यंत गरम करावे आणि एकापेक्षा अधिक वेळा गरम करू नये.

बकरी ईदला कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याची प्रथा आहे : एक घरचा, एक आप्तेष्टांचा, एक गोरगरिबांचा. घरचा वाटा साठवायचा असल्यास तो एकाच मोठ्या गोळ्यात न ठेवता अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्यांत भरून गोठवावा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवल्यास सकाळपर्यंत सुटते. ओट्यावर उन्हात ठेवून बर्फ सोडवू नये.

श्रावणात हीच कढई

खुलताबाद हे जसे दर्ग्यांचे गाव आहे, तसेच ते भद्रा मारुतीचेही गाव आहे. श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीला येथे दुरून भाविक येतात, अनेक जण छत्रपती संभाजीनगरहून पायी चालत येतात. आषाढात मटणाच्या दुकानांपुढे गर्दी करणारी कित्येक घरे श्रावणात मांसाला शिवत नाहीत. परतण्याची रीत मात्र त्या महिन्यातही उपयोगी पडते. सोयाबीन हे मराठवाड्याचे मुख्य पीक. सोयाचा चुरा (ग्रॅन्युल्स) गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, वरील कृतीत खिम्याच्या जागी वापरावा. दीड वाटी कोरडा चुरा सहा जणांना पुरतो. तो आधीच मऊ असल्याने झाकून शिजवण्याचा टप्पा पाच मिनिटांवर आणावा. पिळण्यात कसूर झाली तर तो खिम्याप्रमाणेच पाणी सोडतो आणि पदार्थ पचपचीत होतो. मांस असो वा सोया, कढईचा नियम एकच राहतो.

येथे एका जुन्या संदर्भाची आठवण होते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीहून दख्खनमध्ये आलेले आणि १३३७ मध्ये निधन पावलेले सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा खुलताबादेत आहे. दिल्लीत असताना त्यांचे गुरू निजामुद्दीन औलिया यांच्या खानकाहच्या स्वयंपाकघराची जबाबदारी त्यांच्याकडे होती, असे परंपरा सांगते. खानकाहच्या पंगतीत येणाऱ्या प्रत्येकाला एकाच पातेल्यातले अन्न मिळावे, अशी तिथली रीत. घरच्या स्वयंपाकघरालाही ती लागू पडते. पाच-सहा माणसांची पंगत, अर्धा किलो खिमा आणि मेथीच्या दोन जुड्या यांत ती पाळता येते. एकच काळजी घ्यावी : कढई उतरवल्यावर, पहिले ताट वाढण्यापूर्वीच, शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीचा वाटा झाकणीखाली काढून ठेवावा.